वाचकांचे प्रश्न : मोटरचा टॉर्क आणि धाग्याचा ताण

प्रश्न : धागा गुंडाळायच्या छोट्या यंत्रावर २४ व्होल्टची डीसी मोटर थेट रिळाला जोडली आहे. वाइंडिंगचा रोध ०.५ ओहम. आर्डुइनो ऊनो या कंट्रोलर बोर्डावरून पीडब्ल्यूएम (पुरवठा झपाट्याने चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज ठरवणे) ४० टक्के दिला की सुरुवातीलाच हिसका बसून धागा तुटतो. हळूहळू वाढवला तर चालतो, पण रीळ भरेल तसा ताण बदलतो. तो कायम ५ न्यूटन कसा ठेवायचा? (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : पीडब्ल्यूएमने तुम्ही व्होल्टेज ठरवता, टॉर्क (फिरवण्याचा जोर) नव्हे. टॉर्क करंटच्या प्रमाणात असतो, आणि फिरणारी मोटर स्वतःच उलट व्होल्टेज तयार करून करंट कमी करते. ४० टक्के म्हणजे ९.६ व्होल्ट, मोटर उभी असताना करंट १९ अँपिअर. १००० आरपीएमला ६.३ व्होल्ट उलट आले तर उरतात ३.३ व्होल्ट, म्हणजे साडेसहा अँपिअर. एकाच सेटिंगवर टॉर्कमध्ये तिपटीचा फरक. धागा तुटणारच.

म्हणून करंट मोजून तोच धरून ठेवा. आधी मोटरचा स्थिरांक काढा : ड्रिलने मोटर १००० आरपीएमला फिरवा, टर्मिनलवरचे व्होल्ट मोजा, १०४.७ ने (तोच वेग रेडियन प्रति सेकंदात) भागा. ६.३ व्होल्ट आले तर ०.०६, तेवढेच न्यूटन-मीटर दर अँपिअरला.

रिकाम्या रिळाची त्रिज्या २ सेंमी असेल तर ५ न्यूटनसाठी ०.१ न्यूटन-मीटर, म्हणजे १.६७ अँपिअर. भरून ५ सेंमी झाली की ४.१७. त्रिज्या फेऱ्या मोजून काढता येते, कारण दर फेरीला ती जवळपास सारखीच वाढते. धागा न लावता त्याच वेगाला जो करंट लागतो तो घर्षणाचा. तो वर मिळवा.

ऊनोचा नेहमीचा पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झचा, त्यात करंट फार हेलकावतो. ऊनोच्या आतल्या टायमर १ वरून २० किलोहर्ट्झ करा. एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला) एका मापाला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात, तेव्हा पीआय लूप २ किलोहर्ट्झवर पुरे. हा लूप हवा तो आणि मोजलेला करंट यांतल्या फरकावरून व्होल्टेज ठरवतो : पी हा त्या फरकाचा गुणक, आय हा फरकाच्या साठत जाणाऱ्या बेरजेचा. लूपची बँडविड्थ (तो किती झपाट्याने सावरतो) १०० हर्ट्झ धरली तर ६२८ ला (२π × १००) वाइंडिंगच्या इंडक्टन्सने गुणून पी, रोधाने गुणून आय. १ मिलिहेन्रीला पी ०.६३, आय ३१४. आयला दर चक्राला ०.०००५ ने (एका चक्राचे सेकंद) गुणायला विसरू नका, बहुतेकांचे इथेच चुकते.

आणि धागा तुटलाच तर? करंट पुरा होत नाही म्हणून लूप व्होल्टेज वाढवत जातो आणि मोटर ३८०० आरपीएमच्या आसपास पळते. वेगाची मर्यादा वेगळी घाला, आणि आउटपुट टोकाला टेकले की आयची बेरीज थांबवा.

प्रश्न : करंट मोजायचा शंट (अगदी छोटा रोध) एच-ब्रिजच्या, म्हणजे मोटर चालवणाऱ्या चार स्विचच्या सर्किटच्या, ग्राउंड बाजूला आहे. ४० टक्क्यांवर करंटचा आकडा मल्टिमीटरच्या निम्माही येत नाही.

उत्तर : पीडब्ल्यूएम बंद असताना करंट ब्रिजच्या आतच फिरतो, शंटमधून जात नाही. तुम्ही सरासरी घेता, म्हणून ४० टक्केच दिसतो. एक तर पीडब्ल्यूएम चालू असण्याच्या बरोबर मध्यावर माप घ्या (ऊनोवर हे जिकिरीचे), नाहीतर १० मिलिओहमचा शंट मोटरच्या तारेतच घाला. तिथे साधा अँप्लिफायर पीडब्ल्यूएमच्या उड्यांनी गोंधळतो, अशा उड्या सोसणारी आयएनए२४०ए१ ही अँप्लिफायर चिप लावा. गेन २०, म्हणजे अँपिअरला ०.२ व्होल्ट. ५ व्होल्टवर शून्य २.५ ला ठेवले की दोन्ही दिशांना १२ अँपिअरपर्यंत मोजता येतो.