आधी पेडल काढा

पोरीला सायकल शिकवायची तर बाजूची छोटी चाकं काढूनच टाका, त्यांच्यामुळे पोर तोल सांभाळायला शिकतच नाही. पेडलही काढा, बहुतेक १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतं. (मी उलटं फिरवून अर्धा तास घाम गाळलाय.) सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे जमिनीवर टेकतील. मग पायांनी ढकलत फिरू दे. शिवाजी पार्कच्या मातीत नको, छोटं चाक अडतं, वर क्रिकेटचे चेंडू. सोसायटीच्या पार्किंगचा हलका उतार उत्तम, सकाळी गाड्या हलायच्या आत. पाय उचलून सरळ घरंगळायला लागली की पेडल परत बसवा. धरायचंच असेल तर खांद्याला धरा, हँडलला अजिबात नाही. हेल्मेट पहिल्या दिवसापासून.