सोलापूरजवळची बंद मुरूम खाण पक्ष्या-प्राण्यांसाठी आणि गावाला फिरायला कशी तयार करावी?

तुमच्या गावच्या गायरानात मुरूम काढून सोडून दिलेली चारेक एकरांची खाण आहे, पावसाळ्यात तिथं पाणी साठतं, आणि झाडं लावून, तळं करून पशुपक्षी यावेत, गावालाही फिरायला जागा व्हावी असं तुमच्या मनात आहे. माझा पोकलेन-जेसीबीचा धंदा, आणि सुट्टी मिळाली की दुर्बीण घेऊन नान्नजच्या माळावर. तेव्हा दोन्ही बाजूंनी सांगतो.

कागदाचं आधी उरका. गायरान म्हणजे जमीन सरकारची, त्यामुळं ग्रामसभेचा ठराव आणि महसूल खात्याची परवानगी लागेल. जुना खाणपट्टा खरंच संपलाय का, तेही बघून घ्या, नाहीतर तुम्ही उतार करून ठेवाल आणि दुसऱ्या दिवशी डंपर उभे.

मग कडे. मुरमाचा सरळ तुटलेला कडा उन्हाळ्यात दगडासारखा वाटतो, पण पाणी मुरलं की वरची अख्खी कड खाली येते. पाण्यात तर दोन पावलांवर एकदम खोल. गुरं धुवायला, पोहायला उतरलेली पोरं अशाच जागी बुडतात. म्हणून लोक जिथून येणार ती बाजू एक मीटर उंचीला किमान तीन मीटर लांबी धरून उतरती करा. वरची कड कापायची आणि तोच माल खाली लोटायचा. बाहेरून ब्रास-ब्रास भराव विकत आणायची गरज नाही. हा उतार पाण्याखालीही तसाच पुढं जाऊ द्या.

आता मशीन आलंच आहे तर चारही बाजू सपाट करून टाकू, असं कुणीतरी म्हणणारच. नको. रस्त्यापासून लांबची एक बाजू उभीच ठेवा. कड्याच्या वरच्या मऊ थरात वेडे राघू बिळं करतात. बारीक भोक, पण आत हातभर लांब बोगदा. खंड्याही तिथंच. खाली कठीण खडकाला कपार असेल तर शृंगी घुबड बसू शकतं. त्या बाजूच्या वर काटेरी कुंपण घाला आणि विसरून जा.

झाडांबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. आपल्याकडं पाऊस वर्षाला साधारण ५५० ते ६०० मिलिमीटर, तोही बराचसा सप्टेंबरात. हा मुलूख मुळात गवताळ माळाचा आहे; नान्नजचं अभयारण्य १९७९ साली झालं तेच माळढोकासाठी. त्याच माळावर सरकारी लागवडीत ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड आलं आणि गवताची जागा झाडोऱ्यानं खाल्ली. गुरुग्रामला खाणी बंद झालेल्या जागेवर अरवली जैवविविधता उद्यान उभं राहिलं, तिथं अरवलीचीच मूळ झाडं लावली. तोच हिशेब इथं लावला तर आपल्या वाट्याला पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं येतात. मधूनच एखादं हिवर, बोर, तरवड. गवताचं बी पहिल्या पावसाआधी फेकायचं आणि दोन-तीन वर्षं चराई बंद ठेवायची. खरी मेहनत या चराईबंदीतच आहे, कारण शेळ्यावाल्यांशी बोलल्याशिवाय ती होत नाही. कापून नेण्यापुरतं गवत त्यांना द्या, मग तेच राखण करतात. वेडी बाभूळ मात्र रोप असतानाच मुळासकट उपटा.

तळ्यातला गाळ आणून पसरा, असाही सल्ला मिळेल. शेताला तो सोनं आहे, इथं नाही. सकस माती मिळाली की गवताआधी गाजर गवत माजतं. झाडांच्या खड्ड्यांपुरता घ्या. उलट थोडा मुरूम उघडाच ठेवा. माळटिटवी उन्हाळ्यात तिथं अंडी घालते, चारी बाजूंनी खडे लावलेल्या उथळ खळग्यात, आणि ती खड्यांत इतकी मिसळतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. (टिटवीनं अंडी कुठं घातली त्यावरून पाऊस सांगणारे म्हातारे तुमच्या गावात असतीलच. जागा त्यांनाच विचारा.)

बारमाही तळ्याचा नाद सोडा. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ ॲटनबरो गावी खडीच्या जुन्या खाणींत १९६६ साली पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र सुरू झालं, आणि खाणींचं रूप पालटायचं म्हटलं की लोक तसलेच फोटो दाखवतात. त्या खाणी ट्रेंट नदीच्या काठच्या, भूजल वरच लागतं, म्हणून वर्षभर भरलेल्या. आपलं पाणी वरून येणार आणि उन्हाळ्यात आटणार. प्लास्टिक कागद अंथरून ते अडवण्यात पैसा घालू नका. आटत्या पाण्याच्या कडेचा चिखलच तुतारी, शेकाट्या, धोबी या पक्ष्यांना लागतो.

फिरायची वाट उताराच्या बाजूलाच, एकच, मुरमाची. पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट दोन्हीला नाही म्हणा. दिवे लागले की घुबड गेलंच समजा. बसायला खाणीतलेच मोठे दगड चालतात, गाड्या आत येऊ नयेत म्हणून तोंडाशीही तेच टाका. आणि मासे सोडू म्हणून कुणी उजनीतला चिलापी घेऊन आला तर त्याला तिथूनच परत पाठवा. बेडकांची पिल्लं आणि चतुरांच्या अळ्या तो शिल्लक ठेवत नाही, आणि डासांच्या अळ्या खायला त्या चतुरांच्याच अळ्या लागतात.