महामारीत कॉलेजला जावं की ऑनलाइन शिकावं?

पुन्हा कोरोनासारखी साथ आली आणि निवड आपल्यावरच सोडली, तर वर्गात जावं की घरून शिकावं, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. १७ नोव्हेंबर २०२० ला कर्नाटकात डिग्री कॉलेजं उघडली तेव्हा हजेरीची सक्ती नव्हती. जायचं तर पालकांचं संमतीपत्र आणि कोरोना निगेटिव्हचा रिपोर्ट लागायचा. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. मी गेले, आणि आजही जाईन.

रेंज नव्हती हे एक झालंच. पावसाळ्यात काजूच्या बागेच्या वरच्या बांधावर, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून, छत्री धरून तास ऐकलेत. पण ते सोसता येतं. खरं नडलं ते भाषेचं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं सगळं इंग्रजीत. आमच्यासारख्यांचं निम्मं शिक्षण तास सुटल्यावर व्हरांड्यात व्हायचं. "सर, जरा मराठीत सांगा की," म्हटलं की सर भिंतीला टेकून सगळं परत सांगायचे. ऑनलाइन तासाला सगळा वर्ग ऐकत असताना माइक चालू करून हे विचारायचं धाडस मला एकदाही झालं नाही. कन्नड माध्यमातून आलेल्या मैत्रिणींचंही तेच.

शिवाय प्रॅक्टिकल. टायट्रेशन म्हणजे आम्लात थेंबथेंब अल्कली घालून प्रमाण मोजायचा प्रयोग. त्यात फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलून दाखवणाऱ्या द्रवाचा गुलाबी रंग अगदी फिकट आला की ब्युरेटची, म्हणजे मापाच्या काचनळीची, तोटी बंद करायची. थेंबभर जास्त गेलं की रंग गडद, रीडिंग चुकलं. मोबाइलच्या व्हिडिओत तो फिकट गुलाबी मला पांढराच दिसायचा.

पण घरी दम्याची आजी होती. रोज बसनं ये-जा करून तिच्याजवळ बसणं मनाला पटेना. मग बेळगावात आम्ही तिघींनी खोली घेतली. भाड्याला आईचे भिशीचे पैसे गेले. पंधरा दिवसांनी घरी गेले की मी अंगणात आणि आजी सोप्यात, असं बोलायचो.

तुमच्या घरात म्हातारं किंवा आजारी माणूस असेल आणि वेगळं राहायची सोय नसेल, तर घरीच थांबा. सोय असेल तर निदान प्रॅक्टिकलला आणि अवघड विषयाला जा. घरी थांबलात तर सरांकडून आठवड्याला दहा मिनिटं फोनवर मागून घ्या, आपल्या भाषेत. दुसऱ्या लाटेत कॉलेज परत बंद पडलं तेव्हा मी तसं केलं. सरांनी एकदाही नाही म्हटलं नाही.