डार्क फँटसीतील देवदूत नव्याने कसा रंगवावा?

पांढऱ्या पंखांना काळा रंग दिल्याने देवदूत भयाण होतो, असे मला वाटत नाही. मूळ वर्णनेच पुरेशी अस्वस्थ करणारी आहेत. बायबलमधील यशया या संदेष्ट्याच्या दर्शनात सराफीम नावाच्या देवदूतांना सहा पंख असून दोहोंनी ते तोंड झाकतात, दोहोंनी पाय आणि उरलेल्या दोहोंनी उडतात. यहेज्केल या दुसऱ्या संदेष्ट्याच्या दर्शनातील चाकांच्या धावा (कडा) तर डोळ्यांनी भरलेल्या आहेत. कथेसाठी मात्र कोकणातला राखणदार अधिक उपयोगी पडेल. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत वेतोबा या राखणदार देवाला भक्त भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात आणि तो रात्री गावाची फेरी मारतो म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. तुमच्या देवदूताचा चेहरा दाखवूच नका. पहाटे उंबऱ्याशी पडलेली, ओली वाळू लागलेली, टाचेकडे झिजलेली एक चप्पल रंगवा.