अनंत चतुर्दशीला पेठेत गाडी: शिरता येतं, निघता येत नाही

सांगलीहून आई आणि दोन मुलांना घेऊन कारने पुण्याला येणार, नारायण पेठेत आत्याकडे राहणार, चतुर्दशीला सकाळी गणपती विसर्जनाची मिरवणूक बघून दुपारी परत निघणार. तर कोणते रस्ते बंद असतील, असं विचारलंय तुम्ही. मी लहानपणापासून सदाशिव पेठेत राहतो. पुण्यात जरूर या, पण गाडी पेठेत मुक्कामाला ठेवू नका.

बंद रस्त्यांची यादी पोलीस दरवर्षी जाहीर करतात, ती बघाच. पण लोक फसतात ते वेगळ्याच ठिकाणी. आदल्या दिवशी दुपारी तुम्ही थेट आत्याच्या दारात याल, कदाचित जागाही मिळेल. चतुर्दशीला सकाळी लक्ष्मी, कुमठेकर, केळकर, टिळक हे चारही रस्ते मिरवणुकीला जातात, शिवाजी आणि बाजीराव रस्ताही बंद होतो, आणि तुमची गाडी मधल्या बोळात राहते. मिरवणूक रात्रीत आटपत नाही. 2022 साली ती 30 तासांच्या आसपास चालली होती. माझ्या मेहुण्याने असंच 'सकाळी लवकर काढतो' म्हणून कुमठेकर रस्त्यालगत गाडी लावली होती. ती दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली, तोवर त्याची रजा संपली होती.

म्हणून असं करा. आदल्या दिवशी दुपारच्या आत आईंना आणि सामान आत्याकडे सोडा आणि गाडी लगेच बाहेर काढा, कारण संध्याकाळी देखावे बघायला गर्दी झाली की शिवाजी रस्ता बंद करतात. बिबवेवाडी, सहकारनगर, धनकवडी भागात कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्या सोसायटीत लावा. सांगलीला परतताना कात्रजकडे जायला तेच सोयीचं. नदीपात्रात मोकळी जागा दिसली तरी तिथे लावू नका. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की पात्रात गाड्या बुडतात, आणि हे दिवस नेमके पावसाचेच.

आणखी एक दिवस आधी येता आलं, तर मानाच्या गणपतींचं दर्शन चतुर्दशीच्या आदल्या दिवशी पहाटेच उरकणं उत्तम. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग ही चारही ठिकाणं जवळजवळ आहेत, आणि पाचवा केसरीवाडा तर आत्याच्याच पेठेत. सकाळी सहाला आईंना निवांत दर्शन होईल. रात्री त्यांना त्या गर्दीत अजिबात नेऊ नका.

चतुर्दशीला मंडईतून निघालेला कसबा गणपती लक्ष्मी रस्त्यावर बघा आणि मग मागे फिरा. मंडई मेट्रो स्टेशनकडे जायचा मोह टाळा. नारायण पेठेतून झेड ब्रिज चालत ओलांडला की डेक्कनचं मेट्रो स्टेशन येतं. तिथून जिल्हा न्यायालयापर्यंत जा, तिथे मेट्रो बदलून भुयारी मार्गाने स्वारगेट. अख्खी मिरवणूक डोक्यावर राहते आणि तुम्ही खालून निघून जाता. स्टेशनांत लिफ्ट आहेत. स्वारगेटला वर आल्यावर टिळक रस्त्याकडे न वळता मार्केट यार्डाच्या बाजूने रिक्षा करा.

त्या दिवशी पेठेत रिक्षा मिळणार नाही, तेव्हा झेड ब्रिजपर्यंतचं चालणं आईंना झेपेल का, ते आधी बघा. आत्याचं घर केळकर रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे तेवढं कळवा, म्हणजे कुठल्या बोळातून गर्दी कमी लागेल ते सांगतो.