वाढदिवसाचा गोळाभात

प्रश्न : येत्या रविवारी सासूबाईंना 75 वर्षे पूर्ण होत असून सगळे घर गावी जमणार आहे. त्यांच्या आवडीचा गोळाभात करायचा आहे; पण माझे गोळे भातात फुटतात. काय करावे? (एक वाचक, वर्धा जिल्हा)

उत्तर : पीठ सैल झाले किंवा भातात पाणी अधिक राहिले की गोळे फुटतात. हरभरा डाळीच्या जाडसर भरड्यात तिखट, मीठ, हळद आणि कडकडीत तेलाचे सढळ मोहन घालून, पाण्याचा केवळ हबका मारत घट्ट गोळे वळावेत, आणि भातातील पाणी आटून वर छिद्रे दिसू लागली की ते अलगद ठेवून मंद आचेवर वाफ आणावी. वाढताना गोळा कुस्करून त्यावर हिंग-मोहरीची गरम फोडणी हवीच. औक्षण आधी उरकावे. गार गोळाभाताला ती चव राहत नाही.