बोटुकलीचा कणा वाकतोय? आधी खाद्याचं पोतं तपासा

तुम्ही लिहिलंय की टाकीतल्या तिलापिया माशाच्या काही बोटुकल्यांचा (बोटाएवढ्या पिल्लांचा) कणा बाजूला वाकलाय, काहींच्या कल्ल्यांची झाकणं आखूड राहिलीत आणि वाढ मागे पडलीय. पोत्यावर क जीवनसत्त्व छापलंय, म्हणून त्याची कमतरता असणार नाही असं तुम्ही धरून चाललात. मला नेमकी तिथेच शंका येते. क मिसळलं जातं कारखान्यात. तिथून माशाच्या पोटात पोचेपर्यंत त्यातलं किती उरलं, ते पोत्यावर लिहिलेलं नसतं.

बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व ग्लुकोजपासून स्वतःच बनवतात. त्यातल्या शेवटच्या पायरीला गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज हे एन्झाइम लागतं. शार्क, स्टर्जन, लंगफिश यांच्या मूत्रपिंडात ते आहे; कार्प, तिलापिया, कॅटफिश, ट्राउट, सॅमन यांच्याकडे नाही. त्यांना मिळेल ते सगळं खाण्यातून. प्लवंगांनी (पाण्यातल्या सूक्ष्म जीवांनी) भरलेल्या तळ्यात मासा ते चरून मिळवतो, म्हणून तिथे अशा तक्रारी कमी असतात. स्वच्छ पाण्याच्या टाकीत किंवा दाट पिंजऱ्यात मात्र सगळी मदार पेलेटवर, म्हणजे दाणेदार खाद्यावर.

कणाच का वाकतो? कोलॅजेन म्हणजे हाड-कातडीला बळकटी देणारं प्रथिन. त्यातल्या प्रोलीन आणि लायसिन या अमिनो आम्लांवर हायड्रॉक्सिल गट बसवणाऱ्या एन्झाइमना लोह लागतं, आणि ते लोह कामाच्या अवस्थेत ठेवतं क. ते कमी पडलं की कोलॅजेनचा तीनपदरी दोर घट्ट वळला जात नाही. मग हाड, कूर्चा, कातडी सगळंच कच्चं राहतं. झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लांत हे आधी दिसतं. एखादी मेलेली बोटुकली कण्याच्या बाजूने चिरून पाहा: वाकलेल्या जागी मणके सरकलेले किंवा मोडलेले, आणि भोवती रक्त साकळलेलं दिसलं तर क चा संशय बळावतो. सूक्ष्मदर्शक असेल तर कल्ल्याच्या तंतूंतली कूर्चाही पाहा, ती पिळवटलेली असते.

पण नुसत्या वाकड्या कण्यावरून निदान करू नका. फॉस्फरस किंवा ट्रिप्टोफॅनची कमतरता, आनुवंशिक दोष, अंडी उबवताना चढलेलं तापमान, कीटकनाशकाची बाधा यांनीही कणा वाकतो. मत्स्यबीज आलं तेव्हाच वाकडं होतं का, हे आधी आठवा.

आता पोतं. साधं ॲस्कॉर्बिक ॲसिड ऑक्सिडीकरणाने आधी डिहायड्रोॲस्कॉर्बिक होतं, ते अजून उपयोगी असतं. पुढे डायकीटोगुलोनिक ॲसिड झालं की संपलं, तिथून मागे येत नाही. एक्स्ट्रूडरमधली (पेलेट बनवणाऱ्या यंत्रातली) वाफ आणि उष्णता, ओलावा, तांबं-लोहाचे क्षार, खवट तेल, सगळेच त्याला त्या दिशेने ढकलतात. उरलेलं पाण्यात विरघळून जातं. क चं फॉस्फेट जोडलेलं रूप यातून बऱ्यापैकी तगतं, आणि माशाच्या आतड्यातलं फॉस्फटेज हे एन्झाइम त्यातलं क सोडवून घेतं. म्हणून विक्रेत्याला “क किती?” एवढंच विचारू नका. “कोणत्या रूपात?” आणि “कधी बनवलंय?” हेही विचारा.

वाढीसाठी बहुतेक प्रजातींना किलोभर खाद्यात 20 ते 50 मिलिग्रॅम सक्रिय क पुरतं. लहान पिल्लं, जखमा, हाताळणीचा ताण असेल तर त्याहून वर ठेवतात. हिशोब सक्रिय भागावर, म्हणजे उत्पादनात प्रत्यक्ष जेवढं क आहे तेवढ्यावर करा. 100 किलो खाद्यात किलोमागे 100 मिलिग्रॅम हवं असेल तर लागतं 10 ग्रॅम शुद्ध क. फॉस्फेट उत्पादन 35 टक्के सक्रिय असेल तर ते साधारण 28.6 ग्रॅम घ्यावं लागेल. यात गल्लत फार होते.

कुणीतरी तुम्हाला टाकीत क च्या गोळ्या विरघळवायला सांगितलंय, ते कृपया करू नका. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही, आणि ॲसिडने पाण्याचा सामू (pH) उतरतो. पाण्यातला क्लोरीन मारायला ॲस्कॉर्बिक ॲसिड चालतं, पण ते काम वेगळं.

ताजं, फॉस्फेट रूपातलं क असलेलं खाद्य आजच सुरू करा. पोतं कोरड्या, सावलीच्या जागी जमिनीपासून वर ठेवा आणि लवकर संपेल एवढंच आणा. वाकलेले कणे सरळ होणार नाहीत, तेव्हा ते मासे वेगळे काढा. सुधारणा मोजायची ती उरलेल्यांच्या वाढीवर आणि पुढच्या बॅचवर. प्रजननासाठी ठेवलेल्या माद्यांनाही हेच खाद्य द्या, कारण अंड्यातला क चा साठा मादीच्या खाण्यातूनच येतो आणि पिल्लू खायला लागेपर्यंत त्यावरच निभावतं.